तिसऱ्या प्लेटचा फोटो

संत्र्याची साल दिसली की मला अजून स्वतःचा राग येतो.

मी नागपुरातल्या एका कॉलेजात संशोधन करत होते. धुरानं, राखेनं, विषानं शरीरातल्या पेशी आतून हळूहळू गंजत जातात. संत्र्याच्या सालीतलं एक द्रव्य तो गंज अडवतं का, हे पाहणं माझं काम. बाबांची सारी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात, राखेच्या विभागात गेली होती. निवृत्तीनंतर चार पावलं चालले तरी त्यांना धाप लागायची.

एका रविवारी मी त्यांना मोबाइलवर प्रयोगशाळेतल्या पेशींच्या प्लेटचे दोन फोटो दाखवले. पहिल्या प्लेटमध्ये नुसतं विष, पेशी आकसून मेलेल्या. दुसरीत विष होतं, पण सालीचा अर्कही, पेशी टवटवीत. मला मिरवायचं होतं, दुसरं काय! बाबांनी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी गच्चीवर साली वाळू लागल्या. त्यांच्यावर वीज केंद्राची राख बसायची, आई ती झटकून साली मिक्सरमधून काढायची. बाबा रोज सकाळी चमचाभर भुकटी तोंडात टाकायचे आणि वर पाणी प्यायचे.

"माह्या पोरीचं औषध आहे," तोंड वाकडं करून म्हणायचे, "कडू तर राहीनच."

महिन्याभरानं त्यांचा दम्याचा पंप मला कपाटात धूळ खात सापडला. मी भडकले.

"बाबा, पंप काहून सोडला जी तुम्ही?"

"तुह्या त्या पेशी वाचल्या नं वं? मंग मी काहून नाही वाचणार?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. प्रयोगात आम्ही अर्क आधी देतो आणि विष नंतर. उलट करूनही मी पाहिलं होतं, आधी विष, मग अर्क. त्या तिसऱ्या प्लेटमधली एकही पेशी वाचली नव्हती. तो फोटोही त्याच मोबाइलमध्ये होता. पण बाबांचा चेहरा इतका खुलला होता, की माझी जीभ रेटेना. "पंपही घेत जा," एवढंच म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि पंप काही घेतला नाही.

थंडीत बाबा गेले. फुप्फुसं आधीच संपली होती, पंपानं फार फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या समाधानासाठी म्हणाले असतील.

घरी कुणी भेटायला आलं की आई अभिमानानं सांगते, "पोरीच्या औषधानं एवढे दिवस तरी काढले त्यायनं."

मी शेजारी बसून ऐकते. तो तिसऱ्या प्लेटचा फोटो मी तिलाही दाखवलेला नाही.