अकरावी गादी

आमच्या रस्त्यावरच्या सीटकव्हरवाल्या काकांशी मी भांडायला गेले होते, हे आधीच सांगून टाकते. तीस वर्षं शिलाई मशीनवर काढलेला माणूस. कोपऱ्यात तिरपा दुहेरी टाका दिसला की समजावं, काम काकांचं. तोच टाका मला बहिणीच्या गाडीत, भाचीच्या बेबी सीटमधल्या जाडजूड गादीवर दिसला आणि माझं डोकंच फिरलं.

कडेवर भाची, हातात सीट, अशी दुकानात शिरले. पोरांना सीट टोचते म्हणून आया मागतात, आपण शिवून देतो, असं काका शांतपणे म्हणाले. मऊ बसायला करून देण्यात जन्म गेलेला. त्यात चूक काय असणार?

भाचीला गादीसकट सीटमध्ये बसवलं, पट्टे घट्ट ओढले. मग पट्टे तेवढेच ठेवून गादी काढली, भाचीला पुन्हा अडकवलं आणि काकांना म्हटलं, "आता हात घाला."

खांदा आणि पट्टा यांच्यामध्ये त्यांची अख्खी मूठ गेली.

"गाडी आदळली की तुमची गादी अशीच चपटी होणार. मग पट्टा कुणाला धरणार?"

आजवर ज्यांना ज्यांना चूक दाखवली, त्यांनी मला 'तू कोण मोठी इंजिनिअर' असंच विचारलंय. काका मात्र उठले. शटर ओढलं आणि दिलेल्या गाद्या परत आणायला निघाले.

अशा अकरा गाद्या त्यांनी दिल्या होत्या. गिऱ्हाइकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, कव्हरं राहतात. त्यामुळे आठवडाभर हा माणूस पार्किंग, पेट्रोल पंप, पाळणाघराचं फाटक पालथं घालत, काचांतून आत डोकावत फिरला. एका रखवालदाराने चोर समजून बखोटं धरलं. सगळं ऐकल्यावर तोच पुढे होऊन गाड्या दाखवू लागला. कुणी टोमणा मारला, "शिवून देताना तर फार कौतुकाने दिली होतीत!" काकांनी मान खाली घालून ऐकलं आणि गादी काखोटीला मारली. दहा परत आल्या.

अकरावी काकांच्या लेकीच्या गाडीत, तिथे मीही सोबत गेले. नातवासाठी म्हणून तिच्यात सगळ्यात जास्त कापूस भरलेला. लेक देईना. गादीशिवाय पोरगं रस्ताभर भोकाड पसरतं म्हणाली, आणि माझ्याकडे बोट दाखवून, "हिच्या नादाला लागून स्वतःच्याच कामाला नावं ठेवता, बाबा?"

मी उसळणार, तेवढ्यात काका म्हणाले, "हिचं नाही ऐकलं गं. पट्ट्याखाली माझीच मूठ गेली आत."

मग लेकीनेच गादी ओढून काढली.

काकांनी नातवाला बसवलं, पट्टा ओढला, खांद्यापाशी चिमटीत धरून पाहिला. चिमटीत येईना, तेव्हाच थांबले. पोरगं ठणाणा रडत होतं आणि आजोबा शेजारी बसून समाधानाने हसत होते.

ती गादी आता दुकानातल्या स्टुलावर, काकांच्या बुडाखाली असते. कुणी तसली मागायला आलं की काका उठतात आणि दाखवतात, बघा किती चपटी झाली.