सिंकजवळचं उंच स्टूल

मंगळवारी सकाळी सुधीरचा फोन आला तेव्हा मी वाळूजच्या आमच्या कारखान्यात, स्टोअरमध्ये, बेअरिंगची खोकी मोजून घेत होते. सुधीर माझा धाकटा भाऊ. "ताई, मंजू गेली गं," एवढंच तो बोलला. मंजू त्याची बायको, माझी भावजय. चार दिवस ताप होता, आदल्या दिवशी दवाखान्यात ठेवलं होतं आणि सकाळपर्यंत सगळं संपलं होतं. मी "निघालेच" म्हणाले, फोन ठेवला, टेबलावरची वही ओढली आणि कुणाकुणाला कळवायचं याची यादी लिहायला घेतली. माझं तसंच आहे. हात आधी यादीकडे जातो, रडू मागून येतं. एक, मोठे काका. दोन, खुलताबादला मंजूच्या माहेरी. तीन, मंजू... चौथं नाव लिहून झालं, पाचवंही झालं, आणि मग तिसऱ्यावर नजर गेली. आमच्याकडे बारसं असो की कुणाचं ऑपरेशन, माझा तिसरा फोन तिलाच जायचा. ते नाव मी खोडलं नाही. वही तशीच पर्समध्ये टाकली आणि रिक्षा शोधायला बाहेर पडले.

त्याला आता दीड महिना झाला. तिच्याबद्दल लिहायचं ठरवून बसले तर ध्यानात येतंय की तिच्याविषयी जे जे मला पक्कं ठाऊक होतं, ते एकेक करून सैल होत चाललंय.

मंजूनं सईला, तिच्या एकुलत्या एका मुलीला, दुसरीत असताना शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायचं ठरवलं. का, ते मला आजही सांगता येत नाही. मला ती म्हणाली, "ताई, रिक्षा लई लवकर येते हो. पोरीचं दूधसुद्धा पिऊन होत नाय." सुधीरला म्हणाली, "एक वर्ष बघू." आणि स्वतःच्या आईला म्हणाली, "शाळेतून आली की पोरगी आता काही विचारतच नाय." ही तिन्ही कारणं मी नंतर शेजारी शेजारी ठेवून पाहिली. त्यातलं खरं कोणतं? की तिन्ही खरी? लग्नाआधी मंजूनं खुलताबादला दोन वर्षं एका शाळेत शिकवलं होतं. म्हणजे शाळा तिला माहीत नव्हती असं नाही. मी तेव्हा सरळ विचारलं होतं, "उद्या दहावीचं काय?" ती म्हणाली, "दहावी उद्या नाय ना ताई, अजून आठ वर्षांनी आहे." मी घरी आले आणि त्यांच्यासाठी एक वेळापत्रक तयार केलं. सोमवार ते शनिवार, तास पाडून, विषयांना वेगवेगळे रंग देऊन. लॅमिनेट करून नेऊन दिलं. मंजूनं मनापासून आभार मानले. पुढच्या वेळी गेले तर ते पिठाच्या डब्याखाली अंथरलेलं. "लई कामाचं आहे ताई, पीठ सांडलं तरी नुसतं पुसलं की झालं," ती कौतुकानं म्हणाली. ही चेष्टा होती की खरोखरचं कौतुक, हे मला तेव्हा कळलं नाही आणि विचारावंसं वाटलं नाही.

त्यांचं घर हर्सूलला, तलावापासून चालत दहा मिनिटांवर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागं छोटं अंगण. तिथं शाळेसारखं काहीच दिसायचं नाही. मंजू तांदूळ निवडायची आणि सई शेजारी बसून पेपर मोठ्यानं वाचायची. सुधीर लासूर स्टेशनला एका आडत दुकानात कारकून आहे, रोज रेल्वेनं जातो-येतो. त्याची गाडी दररोज किती मिनिटं उशिरा आली, याची सईनं वर्षभर नोंद ठेवली होती. तिचं सरासरीचं गणित त्यातूनच झालं असं मंजू सांगायची. नोंद ठेवलेली पाहून मला बरं वाटलं. निदान एक तरी वही, असं मनात आलं. बाकी मुलगी काय शिकली, किती शिकली, कुठंही लिहिलेलं नव्हतं.

मी महिन्यातले दोन रविवार तिथं जेवायला जायची. आणि प्रत्येक वेळी तेच व्हायचं. जेवता जेवता मंजू किंवा सई काहीतरी विचारायची. "तलावातलं पाणी उन्हाळ्यात कमी होतं, ते जातं कुठं हो?" मी म्हणायची, "बाष्पीभवन." आता याला आणखी काय उत्तर आहे? पण सईचा चेहरा पडायचा, सुधीर ताटात बघून हसायचा आणि मंजू म्हणायची, "घ्या! सांगून टाकलंत. आज भांडी तुमच्याकडं, ताई." मी मुकाट्यानं उठायची. कामाचा मला कंटाळा नाही, पण घरात आलेल्या मोठ्या नणंदेला भांडी घासायला लावतात का? सिंकच्या वर खिडकी आहे, ती मागच्या अंगणात उघडते. मी भांडी घासत असताना मंजू येऊन सांगून जायची, "नळ बारीक सोडा हं." हर्सूलला पाणी दिवसाआड सुद्धा मिळत नाही, तेव्हा तेही मला पटायचं. खिडकीतून दिसायचं की मायलेकी अंगणात दोन परातींत पाणी ओतून, एक उन्हात, एक सावलीत ठेवून, काठीनं खोली मोजतायत. मी उत्तर दिलेलं असताना! जणू मी काही बोललेच नव्हते. घरी येऊन मी नवऱ्याला सांगायची, "तिला साधं बाष्पीभवन माहीत नाही आणि ती पोरीला शिकवतेय." काकूंनाही सांगितलं. नणंदेकडून भांडी घासून घेते, हेही सांगितलं. ते फिरत फिरत मंजूच्या कानावर गेलं असणार. ती कधी काही बोलली नाही.

एकदा खुलताबादहून तिच्या भावानं सीताफळं पाठवली होती. सई विचारत होती की बाहेरचे डोळे मोजले तर आत बिया किती ते कळेल का. मी म्हणाले, "एका डोळ्यामागं एक बी. साधी गोष्ट आहे." भांडी अर्थातच माझ्याकडे आली. खिडकीतून दिसत होतं, सई डोळ्यांना खडूनं टिंबं देत मोजत होती, मग दोघी खात खात बिया वाटीत टाकत होत्या. बिया डोळ्यांपेक्षा कितीतरी कमी निघाल्या. "काही घरं रिकामीच आहेत की गं," मंजू म्हणत होती. माझं चुकलं होतं. पण आत येऊन मला ते कुणी ऐकवलं नाही. मंजूनं फक्त एक मोठं सीताफळ वाटीत सोलून आणून ठेवलं आणि म्हणाली, "हात ओले आहेत, राहू द्या, नंतर खा."

दोन वर्षांपूर्वी माझा गुडघा धरला. पुढच्या रविवारी मंजू मला सिंकपाशी घेऊन गेली. "ताई, इथं उभ्या राहा बरं सरळ." सईनं टेपनं माझं माप घेतलं, कोपरापर्यंत, कमरेपर्यंत, कागदावर आकडे मांडले, काहीतरी वजाबाकी केली. पंधरा दिवसांनी तिथं सुतारानं केलेलं उंच स्टूल होतं. पाय टेकायला खाली आडवी पट्टी. बसून भांडी घासता यावीत म्हणून! मी त्यावर बसले, माप अगदी बरोबर होतं, आणि मनात इतकी चिडले की त्या दिवशी चहा न घेताच निघाले. नणंदेकडून भांडी घासून घेणं थांबवायचं राहिलं बाजूला, ही तर त्यासाठी फर्निचर करून घेतेय, असं वाटलं.

दिवसकार्य झाल्यावर सुधीर म्हणाला, "ताई, सईच्या शाळेचं तूच ठरव. माझं डोकं चालत नाही. मी दिवसभर लासूरला, ती एकटी घरात..." काम सोपवलं की मला बरं वाटतं. एका शाळेच्या मुख्याध्यापिका भेटल्या. छोटी चाचणी घेऊन आठवीत घेऊ म्हणाल्या. मी सातवीची पुस्तकं आणली, धड्यांची यादी केली आणि रविवारी सईला समोर बसवून एकेक विचारायला लागले. सई तेरा वर्षांची आहे. प्रत्येक दोन प्रश्नांनंतर ती शांतपणे "माहीत नाय" म्हणायची. लाज नाही, भीती नाही. आणि मधेच एखाद्या गोष्टीवर अशी बोलायची की माझी पेन्सिल थांबायची. बरोबरची खूण करू की फुली, कळेना. खाम नदीला पाणी कुठून येतं, शहरातून जाताना त्याचं काय होतं, हे तिनं मला अर्धा तास सांगितलं. यादीत नदीचा धडा होता, पण त्यात खाम नव्हती.

मग आम्ही दोघी जेवलो. सुधीर आतल्या खोलीत आडवा झाला होता. सईनं ताट सरकवलं आणि विचारलं, "आत्या, आईला शेवटी कळलं असेल का, की आता आपण घरी जाणार नाय?"

"नाही गं बाळा," मी लगेच म्हणाले. "तिला शुद्धच नव्हती. काही कळलं नसेल."

"सांगून टाकलंस," सई हळूच म्हणाली. आणि मग, "आत्या, भांडी तुझ्याकडं."

मला वाटलं, पोरगी आईची नक्कल करतेय. मी काही बोलणार, तर तीच म्हणाली, "अगं, नियम आहे ना आपल्या घरात. विचारल्यावर जो लगेच सांगून टाकेल त्याची भांडी. सांगितलं की मग विचार करायला काही उरत नाय."

"मला कुणी कधी सांगितलं नाही हे."

"सांगणाऱ्याकडं भांडी आली असती ना!" तिला माझ्या अकलेचं नवल वाटत होतं. "पप्पा म्हणायचे, सांगून टाकू एकदा आत्याला. आई म्हणायची, त्यांचं त्यांना कळू द्या."

"आणि उत्तर कुणीच नाही सांगितलं तर?"

"मग आई घासायची."

सहा वर्षं. मी उठून स्टूलवर बसले तेव्हा सहा वर्षांचे रविवार डोक्यात उलटसुलट व्हायला लागले. मंजूला बाष्पीभवन माहीत होतं का? असणारच, ती शिकवायची. मग सीताफळाचं? कोण जाणे. तिचं कोणतं विचारणं खरं होतं आणि कोणतं नुसतं सईसाठी, हे आता कुणाला विचारू? ती माझ्यावर हसत होती का? मी नातेवाइकांत तिला नावं ठेवत होते, आणि ती इथं बसून "त्यांचं त्यांना कळू द्या" म्हणत होती. किती दिवस वाट पाहणार होती? सई "आपल्या घरात" म्हणाली. पाहुण्याला कुणी नियम लावत नाही, हे खरं. पण मग मला तसं एकदा तरी... आणि सईला मी दिलेलं उत्तर तरी खरं होतं का? सुधीर सांगतो, पहाटे मंजूनं डोळे उघडले होते. काहीतरी विचारलं होतं. त्याला शब्द कळले नाहीत.

वहीत मी दोन रकाने पाडले होते, घर आणि शाळा. शेवटी शाळेखाली रेघ मारली होती. सुधीर रोज फोनवर विचारायचा, "ठरलं का?" ठरलं होतं, पण तोंडातून निघेना. मागच्या रविवारी गेले तेव्हा सईनंच विषय काढला. "तू ठरवलंयस ना? मग सांगू नको. फॉर्म आणलाय का? मी बघते." मग म्हणाली, "शाळेत बाई दिवसभर सांगतच असतात ना? त्यांच्याकडं केवढी भांडी येत असतील!" दीड महिन्यात पहिल्यांदा त्या घरात कुणी हसलं, आणि त्यात मी होते. फॉर्मची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. भरायचा का, भरला तर द्यायचा का, हे ती सांगणार आहे. मी वहीतली रेघ खोडलेली नाही, पण ती वही आता मधे आणत नाही.

त्याच रविवारी जेवणं झाल्यावर सईनं फॉर्म उघडला. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. मग थांबली. "आत्या, इथं 'यापूर्वीची शाळा' असं आहे. काय लिहू?"

मला उत्तर माहीत होतं. स्टोअरमध्ये रिकाम्या रकान्यात आम्ही रोज लिहितो तो शब्द, 'निरंक'. अगदी ओठावर आला होता. मी ताटं उचलली. सईनं थोडी वाट पाहिली, मग फॉर्म आणि पेन घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसली आणि प्रश्न स्वतःलाच पुन्हा मोठ्यानं वाचून दाखवायला लागली. भांडी पुष्कळ होती. कुणीच काही सांगितलं नव्हतं, म्हणजे नियमानं ती मंजूच्या वाटची होती. मी स्टूल पुढं ओढलं, पट्टीवर पाय टेकले आणि नळ बारीक सोडला, खिडकीबाहेरचं ऐकू यावं म्हणून.