अर्ध्या गोष्टींचा घाट

माझी लेक कानात वायरी घालून भाजी निवडते आणि मधेच एकटीच हसते. विचारलं की म्हणते, पॉडकास्ट ऐकतेय. एखादा धंदा कसा उभा राहिला, एखादी चाल कुठून आली, एखाद्या गावाने साहेबाला कसं वठणीवर आणलं, असलं काहीबाही असतं त्यात. "आई, तुमच्या वेळेला नव्हतं ना असलं!" मी नुसतं हं म्हणते. आमच्या वेळेला ते नांदरुकीच्या झाडाला टांगलेल्या कर्ण्यातून यायचं, आणि बोलणारा माणूस माझा बाप होता.

आमचं माहेर कळंबच्या बाजूचं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो; ते बैलगाडा शर्यतीचे निवेदक होते. आमच्याकडे यात्रा म्हटली की गाडे आलेच. ज्या चढावर ते पळतात त्याला घाट म्हणतात. गाडा पळतो तो डोळ्याचं पातं लवेपर्यंत, पण पुढचा जुंपायला वेळ लागतो. बैल खांदा देत नाहीत, कुणी बुजतो, कुणी आडवा होतो. तेवढ्या वेळात बाकीचे निवेदक फेटे बांधून घेणाऱ्या पाहुण्यांची नावं वाचत. दादा गोष्ट सांगत. राजा-राणीची नव्हे, आपल्याच मुलखातली, खरी. जुन्नरच्या शिंप्याच्या ओट्यावर, ओतूरच्या स्टँडवर कंडक्टर लोकांत बसून, बाजारात फिरून त्यांनी ती जमवलेली असे.

गोष्ट ऐन रंगात यायची आणि खालून गाडा सुटायचा. दादा शब्द तिथेच टाकून ओरडायचे, "भिर्रर्र... झाली!" गाडा गेला, धूळ बसली, की दुसरी गोष्ट. अर्धी राहिलेली ते पुढच्या गावच्या यात्रेत पुरी करायचे. तेवढ्यासाठी माणसं सायकल मारत पुढच्या गावाला जायची. ही त्यांची रीतच होती आणि ती साऱ्या हंगामाला पुरायची.

आता माझी अडचण बघा. आमची यात्रा हंगामात सगळ्यांत आधी. आम्ही बाया-पोरी घाटावर जात नसू, पण घर घाटाच्या पाठीशी, त्यामुळे कर्णा थेट चुलीपाशी ऐकू यायचा. दुसऱ्या गावच्या घाटावर मला कोण पाठवतंय? म्हणजे माझ्या वाट्याला जन्मभर पहिलाच अर्धा भाग. आणि हाच माणूस घरी आला की तोंडाला कुलूप. घसा बसलेला, हातात हळद-दुधाचा पेला, नजर कौलांकडे. आई वाढता वाढता विचारायची, "मग पुढं?" दादा गळ्याला हात लावून दाखवायचे. मला असा राग यायचा! जगाला सांगायला घसा आहे आणि घरच्यांना नाही. एखादा पाहुणा ओसरीवर बसून शेवट सांगू लागला, तर आई त्यालाही गप्प करायची. "पावणं, ऱ्हाऊ द्या. ज्याची गोष्ट त्यानंच सांगावी."

मी लग्न होऊन ओतूरला गेले. नव्वदचं दशक सरत आलं होतं, तेव्हा निरोप आला की दादांच्या घशात गाठ आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. ऐकलं आणि मी ओट्यावर बसून रडले. दादांसाठी रडले, हे तर खरंच. पण एक रडणं माझंही होतं. राहिलेले सगळे अर्धे भाग आता त्या गाठीबरोबर जाणार होते.

घरचा टेपरेकॉर्डर आणि बाजारातून घेतलेल्या कोऱ्या कॅसेटी पिशवीत घालून मी एसटीने माहेरी आले. ऑपरेशनला थोडे दिवस होते. डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलं होतं. मी मशीन दादांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, "दादा, उरलेलं सांगा."

त्यांनी झुलींची गोष्ट धरली. एका वर्षी तालुक्यातल्या साऱ्या गाड्यांच्या बैलांच्या अंगावर एकसारख्या पांढऱ्याशुभ्र झुली कशा आल्या, ती. लागले की पहिल्यापासून सांगायला!

"ते ठावं हाय मला. पुढचं सांगा."

दादा दोन वाक्यं बोलले आणि थांबले. गल्लीकडे बघत बसले. मला वाटलं, दुखतंय. तर म्हणाले, "गाडाच येईना. सवय न्हाई गं मला शेवटापत्तुर जायाची."

मग मात्र हसू आलं दोघांनाही. हळूहळू ते बोलत गेले. जुन्नरचे एक मुसलमान शिंपी झुली शिवायचे. एक फिरती टॉकीज बंद पडली तेव्हा तिचा भलामोठा पडदा त्यांनी घेतला आणि बेतून झुली काढल्या. ज्या कापडावर गावाने नट-नट्या बघितल्या, तेच बैलांच्या पाठीवर घाट चढत होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. घाटघर गावाला एसटी मुक्कामी कशी राहू लागली, तेही कळलं. गावकऱ्यांच्या अर्जांनी काही झालं नव्हतं. तापाने फणफणलेल्या ड्रायव्हरला तिथल्या एका म्हातारीने भाकरी-कालवण देऊन उभं केलं आणि पुढे त्यानेच साहेबाकडे मुक्कामाची मागणी केली. किती वर्षं मी ही गाडी अर्ध्या रस्त्यात सोडून आले होते!

एक गोष्ट मात्र खटकत होती. शेवट जवळ आला की आई बादली उचलायची आणि गोठ्यात चालती व्हायची. मला वाटलं, इतक्या वर्षांचा राग आहे.

शेवटच्या कॅसेटला मी विचारलंच, "घरी का नाही कधी सांगितलंत?"

"नवी गोष्ट मी आपल्याच घाटावर पहिल्यांदा टाकायचो. का, तर तुझी आई ऐकती. घरी येऊन गप बसायचं. तिनं 'मग पुढं?' इचारलं, की समजायचं, ही चालती. न्हाई इचारलं, तर ती गोष्ट म्या कुठं न्हेलीच न्हाई. शेवट सांगितला असता तर तिनं परत कशाला इचारलं असतं?"

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. "म्हंजी इतकी वर्सं मला बिनपगारी राबवलं व्हय!" तो आवाजही कॅसेटवर आहे.

माझा राग तिथेच गळून पडला. मी ज्याला कुलूप समजत होते ते आमच्या घराला दिलेलं मोठेपण होतं. साऱ्या मुलखाने ऐकलेल्या गोष्टी आधी आमच्या चुलीपाशी पास झाल्या होत्या. त्या बापाचे आणि त्या आईचे उपकार मी कुठे ठेवू?

ऑपरेशन झालं. दादा गळ्याला पांढरी पट्टी बांधून घरी आले. माणसं भेटायला यायची, बोलायचं काय हे न सुचून चहा पिऊन जायची. घर अगदी मुकं झालं होतं. दादा कौलांकडे बघत पडून असायचे, पण आता ते बघणं वेगळं होतं. जेवणावरून त्यांचं मन उडालं होतं, आणि मला त्याचीच धास्ती वाटत होती.

एका दुपारी आईने हात पुसले आणि मला म्हणाली, "ती झुलींची लाव."

मी कॅसेट लावली. दादांचा आवाज घरात आला आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. आई खाटेच्या कडेला बसून ऐकत होती. ओळीला ओळ लागत गेली. शिंपी आले, त्यांचा ओटा आला, बंद पडलेली टॉकीज आली. आता पडद्याचं येणार, तेवढ्यात आईने वाकून टेप बंद केला.

गोठ्यात का जायची ती, हे मला तेव्हा उमगलं. तिने शेवट अजून ऐकलाच नव्हता.

ती दादांकडे वळली आणि पूर्वी जेवायला वाढताना विचारायची तशीच म्हणाली, "मग पुढं?"

दादांनी भिंतीकडचं तोंड तिच्याकडे वळवलं. मग त्यांचे खांदे हलू लागले. आवाज नव्हता, पण ते हसत होते. त्यांनी हात लांब केला, स्वतः बटण दाबलं, आणि आईला पुढचं सांगितलं.