मला काही वाटत नाही

कवळीमामाला खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता एकच उरलं होतं, ते म्हणजे त्याचा थोरला भाऊ. बाकी शहरातले दातांचे डॉक्टर त्याला मामा म्हणत, दवाखान्यातल्या पोरी मामा म्हणत, आणि बायकोसुद्धा फोनवर "मामांना विचारून सांगते" म्हणून मोकळी होई. हयात गेली दुसऱ्यांचे दात करण्यात. मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, तापल्या सुरीच्या टोकाने कडा सारखी करायची, आणि एक डोळा मिटून बघायचं. केसाएवढी चूक राहिली की गिऱ्हाईक पहिल्याच घासाला आईबापांचा उद्धार करणार.

दुकान दोघा भावांचं. दादा हाताने चांगला, पण तोंडाने त्याहून चांगला. बिघडलेली कवळी स्वतःच्या तोंडात कोंबून तो दारात उभा राहायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून ऐटीत मान डोलवायचा. मामा हसून हसून खाली बसे. तेवढ्यात मेण थिजून जाई, मग दोघं एकमेकांना शिव्या देत ते परत तापवत.

पुढे मामाचा उजवा हात थरथर कापायला लागला. आधी चहाचा कप धरताना, मग सुरी धरताना. दादा म्हणाला, "कवळ्या करतोस का खुळखुळे?" पण बोलताना त्याने मामाच्या हातातला साचा काढून स्वतःकडे घेतला होता.

मोठ्या इस्पितळात एक नवं यंत्र माणसांना बसवून बघायचं चाललं होतं. डोक्यात दोन बारीक तारा, गळ्याखालच्या हाडाशी कातडीच्या आत काड्यापेटीएवढी बॅटरी. डॉक्टरबाईंनी सगळं समजावून सांगितलं; फायदा सांगितला, धोका सांगितला, काय होईल ते आम्हालाही पुरतं माहीत नाही, हेसुद्धा सांगितलं. मामाने कापऱ्या हाताने सही केली. यंत्र सुरू झालं आणि हात थांबला. आठवड्याभरात मामा परत कामावर.

बदल पहिल्यांदा कळला तो दादाला. एक वाकडी कवळी तोंडात घालून तो दारात उभा राहिला. मामाने मान वर केली, नीट बघितलं आणि म्हणाला, "वरची हिरडी जाड झालीय." दादाने कवळी काढली, धुतली, फडक्याने पुसून ठेवली. पुन्हा त्याने तो खेळ केला नाही.

घरी मामीला मात्र आधी बरंच वाटलं. आई महिनाभर राहायला येऊ का विचारतेय, असं तिने भीतभीत काढलं. एरवी सासूचं नाव निघालं की मामाचं पोट दुखायला लागे. आता तो म्हणाला, "येऊ दे. मला काही वाटत नाही." लेकीने दूर गावची नोकरी धरली, तेव्हाही तेच. तपासणीला गेलं की डॉक्टरबाई विचारत, "मामा, काही तक्रार?" मामा सांगे, "नाही. मला काही वाटत नाही." बाई समाधानाने मान हलवत. त्यांची तरी काय चूक? हे वाक्य आपण सगळेच दिवसातून दहादा बोलतो, आणि ऐकणारा त्यातून आपल्या सोयीचं तेवढं उचलतो.

मग दादा गेला. दुकानातच, खुर्चीवर बसल्या बसल्या. मामाने फोन केले, माणसं बोलावली, येणाऱ्यांना पाणी दिलं, खुर्च्या मांडल्या, उचलल्या. रात्र व्हायच्या आत दुकानात जाऊन दादाची अर्धी राहिलेली कवळी पुरी केली आणि सकाळी दवाखान्यात पोचती केली. मामीची जाऊ तिला म्हणाली, "भावजी माझ्याकडे असे बघत होते, जशी मी रांगेतली पुढची बाई."

मामीने ते वाक्य बरेच दिवस पोटात ठेवलं. शेवटी मामाला घेऊन ती डॉक्टरबाईंपुढे जाऊन बसली. "हात दिलात, उपकार झाले. पण माणूस कुठं ठेवलात?"

बाईंनी मामाला विचारलं, "यंत्राचा जोर थोडा कमी करून बघायचा का?"

"मला काही वाटत नाही."

"म्हणजे हरकत नाही ना?"

मामाने विचार केला. दात सरळ बसलाय का बघावं, तसा. "हरकत नाही असं नाही, बाई. काही वाटतच नाही. कमी करा, वाढवा, काढून टाका. आत सगळं सारखंच आहे."

बाईंनी मागच्या तपासण्यांचे कागद उलटले. हे उत्तर त्या कितीदा ऐकून बसल्या होत्या.

प्रकरण असल्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या इस्पितळाच्या कमिटीपुढे गेलं. लांबलचक टेबल, एका टोकाला निवृत्त न्यायाधीशबाई, बाजूला वकील, समोर मामा आणि मामी. अडचण साधी होती आणि सुटत नव्हती. जोर कमी करायला मामाची मर्जी लागणार, आणि मर्जी म्हणतात ती चीज यंत्राने मामाकडे ठेवलीच नव्हती.

वकील म्हणाले, "त्यांनी सही केली तेव्हा डोक्यात तारा नव्हत्या. तीच मर्जी खरी धरावी."

"तेव्हा असं होईल हे त्यांना कुठे ठाऊक होतं?" न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"मला विचारा की," मामी म्हणाली. "इतकी वर्षं संसार केलाय मी."

"तुम्हाला विचारता येत नाही, ताई. डोकं त्यांचं आहे."

"डोकं त्यांचं. आणि घरात बरोबर राहायचं कुणी, तुम्ही?"

बऱ्याच बोलाचालीनंतर असं ठरलं, की इथेच, सगळ्यांसमोर जोर उतरवायचा आणि त्या अवस्थेत मामाला विचारायचं. तेव्हा तो सांगेल ते पक्कं. सगळ्यांनी होकार दिला. सर्वांत आधी मामीने दिला. तिला खात्रीच होती.

डॉक्टरबाईंनी हातातल्या फोनसारख्या यंत्रावर बोट फिरवलं. थोड्या वेळाने टेबलावरची मामाची बोटं थरथरू लागली. मग चेहरा हलला, गालाजवळ, भुवईपाशी. त्याने मामीकडे बघितलं.

"किती बारीक झालीस गं."

मामीला हसू आलं. इतक्या महिन्यांत तिच्या अंगाकडे कुणी बघितलं नव्हतं.

"दादा," मामा म्हणाला. पुढचं तुटक तुटक आलं. "ती कवळी. मेणावर त्याच्या बोटांचे ठसे होते. मी सुरी तापवली आणि पुसून टाकले. म्हटलं, कड सारखी नाही." तो लहान पोरासारखा रडायला लागला. हात इतके कापत होते की डोळे पुसायला ते तोंडापर्यंत पोचेनात. मामीने ते हात धरले.

"रडून घ्या. रडून घ्या."

"वाढवायला सांग त्यांना."

"अहो, आत्ता तर आलात. जरा थांबा."

"वाढवा, बाई."

न्यायाधीशबाई पुढे झुकल्या. "मामा, हे हातासाठी म्हणताय का? कामासाठी?"

"हात गेला तरी चालेल. हे नको."

"इतक्या दिवसांचं एकदम अंगावर आलंय, म्हणून म्हणतायत ते," मामी म्हणाली. "चार दिवस द्या त्यांना. माणूस सावरतो हो. जाऊबाई नाही का सावरल्या?"

"ताई, आपलं ठरलं होतं," वकील हळू आवाजात म्हणाले.

"काय म्हणतील ते पक्कं, एवढं ठरलं होतं," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "किती वेळाने विचारायचं, हे ठरवायचं राहिलं." त्यांनी मामाला विचारलं, संध्याकाळपर्यंत थांबता का. मामाने मान हलवली. नाही. दुःखात बसलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत तिथेच बसवून ठेवायचा कायदा त्या टेबलावर कुणाकडेच नव्हता. न्यायाधीशबाईंनी डॉक्टरबाईंना डोळ्यांनीच खूण केली आणि जोर पुन्हा चढला.

आधी हात थांबला, मग चेहरा. मामाने खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, घडी घालून परत ठेवला आणि सगळ्यांचे आभार मानले.

खाली फुटपाथवर आल्यावर मामी म्हणाली, "आठवतंय का आत्ताचं?"

"आठवतंय की. दादासाठी रडलो. फार होतं ते." बसला गर्दी फार होती, हे सांगावं तसं त्याने सांगितलं.

"मग नको का म्हणालात?"

"ते तिथे रडत होता त्याने ठरवलं," मामा म्हणाला. "त्याला माहीत असणार."

मामी चालता चालता थांबली. मामा दोन पावलं पुढे गेला, मागे वळला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग परत आला, तिच्या हातातली पिशवी घेतली, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडे पाठ करून तिच्यासमोर उभा राहिला, म्हणजे ती रडताना कुणाला दिसणार नाही.

"सावकाश," तो म्हणाला. "मला घाई नाही."