ते दीड पान

कथेतल्या दोन माणसांनी एकमेकांच्या शर्टाची बटणं सोडायला सुरुवात केली, की तुम्ही काय करता? पान उलटता, की कोणी पाहत नाही ना याची आधी खात्री करून घेता? आणि त्या दोघांतली एक बाई असती, तरी तुम्ही तसंच केलं असतं का?

भाद्रपदातली दुपार होती. पाऊस उघडून चार दिवस झाले होते, गावाबाहेर सोयाबीनच्या शेंगा भरत आल्या होत्या आणि उघड्या दारातून येणाऱ्या त्या दमट, हिरव्या वासात आमच्या छापखान्यातला शाईचा आणि रॉकेलचा वास मिसळत होता. मोताळ्याच्या बाजारपेठेतला हा एका खोलीचा छापखाना माझ्या वडिलांचा. तो लग्नपत्रिकांवर चालतो आणि पत्रकांसाठी जगतो. सभेची, मोर्चाची, विहारातल्या व्याख्यानाची पत्रकं चाळतच मी वाचायला शिकलो. शाळेत ‘कमळ’ गिरवण्याआधी मला ‘जाहीर’ हा शब्द ओळखता येत होता. आमच्या घरात अन्यायाविषयी सगळं बोललं जायचं. प्रेमाविषयी काहीच नाही.

त्या सकाळी पुण्याहून एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला होता. मी त्यांना एक छोटी प्रेमकथा पाठवली होती. तिच्यातला एक पुरुष एस.टी.चा वाहक, देऊळगाव राजाहून जालन्याला जाणाऱ्या गाडीवरचा. दुसरा कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणारा, ज्याच्या केसांतून रुईचे तंतू कधी पुरते निघत नाहीत. या दोघांना सबंध कथेत एकच दुपार मिळते, भाड्याच्या एका खोलीत, आणि ती दुपार मी दीड पान लिहिली होती. संपादक सभ्य होते. म्हणाले, “अहो, फार तरल लिहिलंय तुम्ही. फक्त ते दीड पान काढा. आणि तुमच्याच सोयीसाठी सांगतो, टोपणनाव घ्या. संध्याकाळपर्यंत कळवा.”

यापूर्वी हीच कथा मी मोबाइलवर गोष्टी विकणाऱ्या एका कंपनीला दाखवली होती. तिथल्या उत्साही तरुणाची तक्रार नेमकी उलटी होती. “सर, लव्ह खूप आहे हो, पण गरम सीन फार उशिरा येतो. पहिल्या दोन मिनिटांत पाहिजे, आणि मग दर पानाला थोडं थोडं.” एकाला माझ्या माणसांचे देह नको होते, दुसऱ्याला देहांखेरीज काहीच नको होतं. दोघांच्याही बोलण्याचा मथितार्थ एकच होता: प्रमाण. जणू प्रेम आणि शरीर ही दोन निरनिराळी धान्यं आहेत आणि लेखकानं ती गिऱ्हाईक पाहून मिसळून द्यायची आहेत.

मी कथेची प्रत छापून घेत होतो, कुठून किती काढता येईल ते पाहावं म्हणून. होय, मी काढायच्या बेतात होतो. हे लपवून पुढचं सांगण्यात अर्थ नाही. तेवढ्यात बाबा प्रिंटरपाशी आले आणि सवयीनं ते गरम कागद उचलून त्यांनी कानामागची पेन्सिल हातात घेतली. आमच्याकडे मुद्रितशोधनाची एक पद्धत आहे. ज्यानं लिहिलं त्यानं मोठ्यानं वाचायचं, विरामचिन्हांसकट. दुसऱ्यानं छापील कागदावर डोळा ठेवायचा. डोळा चुकीला क्षमा करतो, कान करत नाही, असं बाबांचं मत.

“वाच,” ते म्हणाले.

“बाबा, हे पत्रक नाही.”

“मंग काय झालं? चुका पत्रकातच असतात काय?”

मी वाचू लागलो. स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरणचिन्ह सुरू. बस, फलाट, चहा, दोघांची ओळख. आणि मग ती खोली आली. माझा आवाज खाली गेला. पिशवीच्या पट्ट्यानं वाहकाच्या खांद्यावर पडलेला काळा वळ, त्यावर टेकलेले ओठ, स्वल्पविराम, सुटलेली बटणं, उघड्या छातीवरचा घाम, पूर्णविराम.

“मोठ्यानं बे,” बाबा म्हणाले. “यंत्र चालू हाय.”

यंत्र बंद होतं. मी मोठ्यानं वाचलं. दुकानाबाहेर माणसं जात-येत होती, कोणीतरी टोमॅटोचा भाव ओरडत होतं आणि मी माझ्या वडिलांना दोन पुरुषांचा शृंगार विरामचिन्हांसकट वाचून दाखवत होतो. त्या मिठीच्या मधोमध माझा वाहक म्हणतो, ‘आपल्या देहावरचा हक्क कोणी देत नसतं, तो मिळवावा लागतो!’ तिथं पेन्सिल थांबली.

“हे कोण बोलते?”

“कंडक्टर.”

“आता? या टायमाले?”

“हो.”

“अबे, त्याच्या गळ्यात पडून राह्यला अन् निवेदन कोणाले देऊन राह्यला? तहसीलदार बसला हाय का तिथं?”

मला हसू फुटलं. तेही हसले, पण हसू लवकर आवरलं. त्यांनी ते वाक्य आडव्या रेघेनं खोडलं. उरलेलं सगळं मी वाचलं, आणि त्यातला एकही शब्द त्यांनी खोडला नाही. एक जास्तीचा स्वल्पविराम काढला, बस. मग कागद सरळ करत, माझ्याकडे न पाहता विचारलं, “हे मनानं लिहिलं, का तुह्या जिंदगीतलं हाय?”

“माझ्या जिंदगीतलं.”

ते उठून हात धुवायला गेले. रॉकेलनं शाई निघते; तेव्हा त्यांच्या हाताला शाई नव्हती, तरी ते बराच वेळ हात चोळत राहिले. परत आल्यावर म्हणाले, “तुह्या मायले म्या सांगू का तू सांगशील?”

“मीच सांगतो.”

“अन् याच्याखाली नाव कोणाचं?”

टोपणनावाची सूचना मी त्यांना सांगितली. तेव्हा मात्र त्यांनी सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. “बिननावाचं पत्रक म्या आजवर छापलं नाही. नाव नसलं का ते पत्रक नाही राहत, अफवा होते.” त्या संध्याकाळी ते माझ्याबरोबर जेवले नाहीत, आणि पुढचे काही दिवस आमचं बोलणं कामापुरतंच राहिलं. ते मी समजू शकतो. आडनाव त्यांचंही आहे.

ते दीड पान काढलं असतं तर काय उरलं असतं? दोन मित्र. आमच्या जिल्ह्यात दोन पुरुष एकमेकांच्या गळ्यात हात टाकून भर बाजारातून हिंडले तरी कोणी मान वळवून पाहत नाही. ती मुभा त्यांना आहे, ते प्रेमिक नाहीत याच अटीवर. ती अट मोडते त्या खोलीत, त्या वळावर टेकलेल्या ओठांनी. दिवसभर शेकडो हात ज्याच्याकडून तिकीट घेतात आणि एकही ज्याच्या चेहऱ्याकडे पाहत नाही, त्याला कोणीतरी सावकाश हात लावतो. म्हणून दुसऱ्या दिवशी ‘जालना, जालना’ अशी हाक देताना त्याचा आवाज फाटतो. दुपार वगळा, आणि ती हाक नुसतीच हाक राहते. उलट दर पानावर अशी दुपार पेरा, म्हणजे आवाज फाटायला कारण उरत नाही. जो स्पर्श काढला तरी पुढचं काही बदलत नाही, तो मी आनंदानं खोडीन. जो काढल्यावर पुढचं सगळं खोटं पडतं, त्याला हात लावू देणार नाही. आणि ज्याच्यासोबत माझी खरी दुपार गेली, त्याचं नाव मी इथेही लिहिणार नाही; ते सांगण्याचा हक्क त्याचा आहे. माझं नाव मात्र माझं आहे.

त्याच संध्याकाळी मी संपादकांना फोन केला. एक वाक्य काढलंय, पान काढणार नाही, आणि खाली माझंच खरं नाव राहील, असं सांगितलं. “मग आमच्या अंकात नाही बसायची,” ते म्हणाले. आवाजात खेद होता, आणि तो खरा असावा. कथा आता सोळा पानांची पुस्तिका होऊन आमच्याच यंत्रावर छापली गेली आहे. शेवटच्या पानावर मुद्रक म्हणून बाबांचं पूर्ण नाव आहे. ते मी घातलं नव्हतं.

तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. या आठवड्यात तुमच्या गावच्या वाचनालयात जा आणि दोन पुरुषांची किंवा दोन स्त्रियांची एक प्रेमकथा मागा, काहीही न वगळलेली. कुजबुजून मागू नका. नाही म्हणाले, तर सूचनावही मागून घ्या, तिच्यात ही मागणी लिहा आणि खाली सही करा. आडनावासकट.