पाव इंच वर

जमीन मोजण्यात माझी सगळी नोकरी गेली. सेलू, जिंतूर, मानवत, पाथरी, जिथं बदली झाली तिथल्या बांधावर मी आधी साखळी ओढली, मग टेप ओढली, आणि शेवटी मशीन आलं तेव्हा तिपाईवर ठेवून त्याला डोळा लावून उभा राहिलो. सख्खे भाऊ माझ्या खुणेच्या दगडाच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांना शिव्या द्यायचे आणि मोजणी झाली की दोघं मिळून मला द्यायचे. मला त्याचं काही वाटायचं नाही. आकडा बरोबर आहे ना, मग बोंबला म्हणायचं आणि डबा खायचा. ही माझी घमेंड होती. पुढं जे झालं ते त्याच घमेंडीनं झालं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

रिटायर झाल्यावर गावी येऊन राहिलो. आमचं गाव देवगाव फाट्यापासून आत आहे. माघात जत्रा भरते आणि जत्रेत घोड्यांची शर्यत होते. तूर निघालेल्या रानात वखर फिरवून, ढेकळं फोडून पट्टी तयार करतात. घोड्याचा शौक आमच्याकडं जुना. बागायतदाराच्या दारात ट्रॅक्टर असतो आणि त्याच्या शेजारी घोडा असतो. ट्रॅक्टर शेताच्या कामाचा, घोडा मिशीच्या कामाचा. दुसरे घोडे मेंढकऱ्यांचे. ते म्हणजे टट्टू. बुटकं, पोट सुटलेलं, पाठीवर पालाचं गठुडं आणि भांडी, दोन्ही अंगांना पिशव्यांत नुकती जन्मलेली कोकरं. शर्यतीत हे दोन्ही एकत्र सोडायचे. उंच घोडे पुढं निघून जायचे, टट्टू मागं धुरळ्यात, आणि लोक पोट धरून हसायचे. जत्रेची अर्धी करमणूक तीच होती.

दरवर्षी एक मेंढकरी नवराबायको आमच्या शिवारात उतरायचे. त्यांच्याकडं एक तांबडी घोडी होती. मी गावी आलो त्या वर्षी तीही पळाली आणि शेवटून पहिली आली. नवरा अंगानं बारीक, बोलायला त्याहून बारीक. बायकोचं तसं नव्हतं. ती घोडीला पाणी पाजता पाजता मला म्हणाली, "साहेब, तुमी म्हणं जमीन मोजायचे. मंग घोडं बी मोजा की. हत्तीसंगं शेळी पळवायलेत आन् वर हसायलेत."

मला ते पटलं. मी जत्रा कमिटीत जाऊन बसलो. तिथं सगळे ओळखीचे, कमिटीचा प्रमुख एक मोठा बागायतदार, वयानं माझ्यापेक्षा बराच लहान, मला काका म्हणतो. मी म्हणालो, बुटक्या घोड्यांचा वेगळा गट करा. जमिनीपासून खांद्याच्या उंचवट्यापर्यंत बावन्न इंच, त्यावर असेल तो मोठ्या गटात. कोणी हरकत घेतली नाही, कारण कोणाचं त्यात काही जाणार नव्हतं. बक्षिसाचं निघालं तेव्हा मी तळ्याचं नाव घेतलं. गावच्या तळ्याचं पाणी माघापासून मागं सरकत जातं आणि तळ्याच्या पोटात गवत उगवतं ते पार मृगापर्यंत पुरतं. मी म्हणालो, टट्टूंच्या गटात जो पहिला येईल त्यानं त्या उन्हाळ्यात तिथं जनावरं चारावीत. बागायतदार हसून म्हणाला, "लिहून घ्या. काकांची शर्यत आहे."

मी सागाची काठी करून घेतली. तिच्यावर वरखाली सरकणारी आडवी पट्टी बसवली आणि पट्टीवर गवंड्याची लेव्हल ठेवली. तांबडी घोडी साडेएक्कावन्न भरली आणि त्या वर्षी पहिली आली. मेंढकऱ्याचा वाडा, म्हणजे पाल आणि मेंढरं, चार महिने तळ्याकाठी होता. एका जागी उन्हाळा काढायची त्यांची ती पहिलीच वेळ. बाईनं पालापुढं चूल लिंपली, दोन वेल लावले आणि मला बोलावून दोडक्याची भाजी खाऊ घातली. तिचा नवरा आणि मी, आम्ही दोघांनी तळ्यातल्या मेंढरांकडं बघत जेवण केलं. मला लय बरं वाटलं होतं, आणि त्यात काही चूक होती असं अजूनही वाटत नाही.

दुसऱ्या वर्षी बागायतदारानं आपला एक घोडा टट्टूंच्या गटात आणून उभा केला. घोडा माझ्या नजरेला बावन्नच्या वरचा दिसत होता. मी काठी लावली, पट्टी खाली सरकवली. पट्टी पाठीला टेकली की तो घोडा चारी पायांत खचायचा. मी पट्टी उचलली की उभा राहायचा. खूर इतके तासले होते की त्याला नीट उभं राहवत नव्हतं. तीनदा मोजलं, तीनदा बावन्न. नंतर त्यांच्याकडच्या गड्यानंच सांगितलं, दोन महिने रोज सकाळी बाभळीचा काटा लावलेली पट्टी त्याच्या खांद्यावर ठेवत होते. टोचलं की जनावर अंग चोरतं. पुढं काटा नसला तरी चोरतं.

मला तिथंच शंका आली होती, पण शंकेवर मी उभ्या आयुष्यात कधी आकडा लिहिला नव्हता. बावन्न लिहिले. घोडा जिंकला. तळ्यात बागायतदाराच्या म्हशी उतरल्या. मेंढकरी दुसऱ्या दिवशी जिंतूरच्या डोंगराकडं निघाले. जाताना बाई म्हणाली, "तुमची काठी बराबर हाय साहेब. घोडं खोटं बोललं."

त्या वाक्यानं माझ्या डोक्यात तिडीक गेली ती सहा महिने उतरली नाही. मी पेटून उठलो. घरातली म्हणायची, "आवो, घोड्याचं एवढं मनावर घेतात का?" मी कागद काढून बसलो. खचायचा बंदोबस्त सोपा होता, घोड्याच्या डोळ्यावर फडकं बांधायचं, काठी पाठीला लावायच्या आधी हातानं थोपटायचं आणि शाळेच्या फरशीवर मोजायचं. खुराचं मात्र डोकं लढवावं लागलं. खूर तासून उंची कमी करतात ना? मग खूर मोजायचाच नाही. खुराच्या वर जिथं केस सुरू होतात तिथून खांद्यापर्यंत मोजायचं. गावातल्या दोन घोड्यांचे खूर मोजले, दोन्ही तीन इंच भरले. बावन्नातून तीन गेले, एकोणपन्नास. नियम झाला. दिवाळीनंतर कमिटीत वाचून दाखवला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मेंढकरी तेव्हा फाट्याजवळ एका रानात खतासाठी मेंढ्या बसवून होते, तिथं जाऊन त्याचाही अंगठा घेतला. तो म्हणाला, "तुमी केलंय म्हणल्यावर मी काय बघू?"

बाईनं त्या दिवशी मला वेगळीच गोष्ट सांगितली. त्यांची एकुलती एक लेक गरोदर होती. पहिलं बाळंतपण, माहेरी करायचं. "माहेरी म्हंजी कुठं साहेब?" ती म्हणाली. "सासरचे इचारायलेत, कोणत्या गावाला आणून सोडावं. मी काय सांगू, अमक्याच्या रानात, दोन दिस तिथं आन् मंग पुढं? तळं भेटलं तर गाव हाय, नर्स हाय, पाणी हाय. मी त्यांला माघाचं सांगितलंय." मी म्हणालो, "माय, आता कोणाच्या बापाची चालबाजी चालायची नाही. तू लेकीला आण." तिनं आणली.

जत्रेच्या दिवशी सकाळी शाळेच्या पटांगणात घोडे जमले. लेक आईच्या शेजारी भिंतीला टेकून बसली होती, आठवा संपत आलेला. मी आधी बागायतदाराचा घोडा घेतला. डोळ्यावर फडकं बांधलं, थोपटलं, काठी लावली. एकोणपन्नासला पाव कमी. घोडा तोच, कुठंही खचला नव्हता. मी खाली वाकून बघितलं. खूर चार इंचांचे. दिवाळीपासून त्या पठ्ठ्यानं खुराला हत्यार लावू दिलं नव्हतं, मऊ गोठ्यात हिरवा चारा घालून नुसते वाढवले होते. जमिनीपासून मोजला तर घोडा पावणेत्रेपन्न, आणि माझ्या नियमानं टट्टू.

मग तांबडी घोडी आली. तिला कोणी तासलं नव्हतं आणि वाढवलंही नव्हतं. बारा महिने दगडधोंड्यातून ओझं वाहून तिचे खूर झिजून सव्वादोन इंचांवर आले होते. हे मी आधी बघायला पाहिजे होतं. घोडी माझ्या डोळ्यापुढं होती, वाडा माझ्या पायाखालचा होता. मी खूर मोजले ते गोठ्यातल्या घोड्यांचे, आणि नियम केला टट्टूसाठी. सव्वाएकोणपन्नास. पाव इंच वर.

मी परत मोजलं. परत तेच. उंच घोडा आत आणि बुटकी घोडी बाहेर, आणि हे कोणाच्या लबाडीनं नाही, माझ्या अकलेनं झालं होतं.

बागायतदार शेजारीच उभा होता. त्यानं आकडा बघितला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पाव इंचानं काय होतंय काका? घ्या तिला आत. माझी हरकत नाही." कमिटीतल्या बाकीच्यांनीही माना हलवल्या. घ्या, घ्या म्हणाले.

मला तेवढंच करायचं होतं. घ्या म्हणायचं. पण त्याच्या तोंडून ते आलं आणि मी ताठ झालो. मागच्या वर्षी ज्यानं काटा टोचून घोडा खाली बसवला त्यानं आज मला मोठं मन दाखवावं, आणि मी ते घ्यावं? मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम. सह्या आहेत. घोडी मोठ्या गटात." त्याची दया मला नको होती. पण तो मला कुठं काही देत होता? तो तिला देत होता, आणि मी मधल्यामध्ये नाही म्हणालो.

बाई उठून माझ्याजवळ आली. "साहेब, पाव इंच म्हंजी किती?" मी अंगठा आणि बोट जवळ धरून दाखवलं. तिनं माझ्या बोटांमधल्या फटीकडं बराच वेळ बघितलं. मग लेकीकडं बघितलं आणि घोडीचा लगाम धरून चालू लागली. मोठ्या गटात त्यांनी घोडी उतरवलीच नाही. टट्टूंच्या शर्यतीत बागायतदाराचा घोडा आरामात पहिला आला आणि तिसऱ्या प्रहरी तळ्यात म्हशी गेल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी वाड्यावर गेलो. पाल उतरवलेलं होतं, कोकरं पिशव्यांत भरणं चाललं होतं. घोडीवर या वेळी भांडी नव्हती. लेकीला वर बसवायचं म्हणून भांडी बाईनं स्वतःच्या डोक्यावर घेतली होती. मी म्हणालो, चुकलं माझं. नियमात चूक होती आणि काल त्याहून मोठी चूक केली. असं मी कोणापुढं आधी म्हणालो नव्हतो, त्यामुळं नीट म्हणता आलं नाही. मग म्हणालो, "लेकीला माझ्या घरी ठेव माय. खोली रिकामी आहे, घरातली आहे, नर्स चार घरं सोडून. बाळंतपण होईपर्यंत तूही राहा."

बाईच्या आवाजात राग नव्हता. ती म्हणाली, "नगं साहेब. तुमच्या घरात पाय पसरायचा म्हणलं तरी जीव दबकत ऱ्हाईल, किती पसरावा म्हणून."

नवरा ओशाळला. "तिचं मनावर घेऊ नका साहेब," म्हणाला आणि मेंढरं हाकलायला पुढं गेला. लेकीनं घोडीवरून मला नमस्कार केला. मी वाटेतून बाजूला झालो.

तिसऱ्या आठवड्यात फाट्यावरच्या चहावाल्याकडून कळलं. सेलूच्या दवाखान्यात नेताना ॲटोतच बाळंत झाली, मुलगी, दोघीही बऱ्या आहेत. चहावाल्याच्या बायकोनं ॲटोला धोतराचा आडोसा धरला होता म्हणे. मी चहा न पिता घरी आलो.

यंदा मी नियम दुरुस्त केला. जमिनीपासूनही मोजायचं आणि केसांपासूनही, आणि दोन्हींत जो बसेल तो टट्टू, झिजलेल्या खुराला वेगळी सवलत. कागद परभणीला पशुवैद्यकीय कॉलेजातल्या एका ओळखीच्या डॉक्टरांनाही दाखवून आणला. ते म्हणाले, आता यात फट नाही. कमिटीत वाचला तेव्हा बागायतदारही म्हणाला, "काका, आता एकदम बरोबर झालं." जत्रेच्या सकाळी मी शाळेच्या फरशीवर काठी घेऊन उन्हं डोक्यावर येईपर्यंत उभा होतो. टट्टूंच्या गटात तीन घोडे आले, तिन्ही बागायतदारांचे. मेंढकऱ्याचं एकही जनावर मोजायला आलं नाही.