इंदूमावशीचं बियाणं

माझ्याकडे काम शिकलेल्या देवकीचा फोन आला तेव्हा मी मुरबाडच्या बाजारात तांब्याची तार तोलून घेत होते. “ताई, मावशी गेली गो,” एवढंच ती बोलली. मग म्हणाली, “मी सरळगावला एका शेतावर हाय. मोटर अर्धी उघडलीय. ती लावते नि येते. तशीच टाकून आले तर मावशी वरडंल…” आम्हा दोघींनाही हसू आलं. ओरडायला मावशी उरली नव्हती हे दोघींच्याही एकदमच लक्षात आलं.

इंदूमावशी नात्यानं माझी कोणी नव्हे. किन्हवलीला तिची भातगिरणी होती. नवरा लवकर गेल्यावर ती तिनं एकटीनं चालवली आणि गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा विकून टाकली. मूलबाळ नव्हतं, भाची सुलभा सोबतीला असे. गिरणीचे पैसे हातात आल्यावर कोणी म्हणालं पाटल्या कर, कोणी म्हणालं काशीला जाऊन ये. मावशीनं तिसरंच काढलं. गरिबाघरच्या पोरापोरींसाठी जो कोणी नवं काही करू पाहील आणि ज्याला बाकीचे दारात उभं करणार नाहीत, त्याला सुरुवातीपुरते पैसे द्यायचे. त्याला ती बियाणं म्हणायची. “पीक दिसल्यावर समदे येतात गो. बियाण्याला कोन येत नाय.”

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मी आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड केलेली, वर्गातली एकुलती एक मुलगी. आश्रमशाळेत दहावी नापास झालेल्या ठाकर-कातकरी मुली दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जात. त्यांना जळलेल्या मोटरी भरायला, म्हणजे नव्यानं तार गुंडाळायला शिकवावं असं माझ्या डोक्यात बसलं होतं. पैशांसाठी गेले तर दोन कचेऱ्यांनी “अनुभव किती?” विचारून परत पाठवलं. तिसरीकडे एक साहेब नुसतेच हसले. मावशीपुढे मी टाइप केलेले सहा कागद ठेवले. तिनं चष्मा लावून पहिलं पान वाचलं आणि विचारलं, “वीस पोरी लिवल्यात. नावं काय त्यांची?”

मला एकही नाव ठाऊक नव्हतं.

“मग ही वीस तू कागदावरच जल्माला घातलीस की काय? जा, पाड्यावर ऱ्हा चार दिस. नावं घेऊन ये.”

रागानं मी बसस्टँडपर्यंत गेले आणि मुरबाडच्या एसटीऐवजी पाड्यांकडे जाणाऱ्या डोळखांबच्या गाडीत चढले. चार दिवसांचे अकरा झाले. परतले तेव्हा विसातल्या चारच मुली हाताशी होत्या, पण चौघींच्या घरी मी जेवले होते. देवकी त्यांतली सर्वांत भांडखोर. मावशीनं चार नावं मोठ्यानं म्हणून पाहिली आणि त्याच दुपारी पैसे दिले. मुरबाडच्या बाजारपेठेमागच्या एका खोलीत आमचं काम सुरू झालं.

पहिल्याच पावसाळ्यात घात झाला. आम्ही भरून दिलेली पिठाच्या गिरणीची मोटर तिसऱ्या दिवशी धूर ओकून बंद पडली. अख्ख्या गावाच्या भाकऱ्या अडल्या. “पोरींच्या हातात मोटर दिली की असंच व्हनार,” असं लोक तोंडावर बोलू लागले. त्यात गणपतीत वीटभट्टीचा मुकादम उचल वाटत पाड्यांवर फिरू लागला, आणि दोघींचे बाप त्यांना न्यायला आले. मी उरलेले पैसे परत करायला मावशीकडे निघणार, तोच मावशीच रिक्षातून उतरली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. जळकी मोटर मध्ये ठेवून मुलींना विचारलं, “कशानं जळली?”

“तारेवरचं वॉर्निश वल्लं ऱ्हायलं,” देवकी म्हणाली. “पावसात सुकत नाय. सुकवायला भट्टी पायजे, ती आमच्याकडं नाय.”

मावशी बापांकडे वळली. “ऐकलंत? माज्या गिरणीची मोटर दोनदा जळली, पन कशानं ते मिस्त्रीला कदी सांगता आलं नाय. तुमची पोर सांगतेय.” ते दोघे पोरींना न्यायचं सोडून खाली टेकले. मग तिनं तीच मोटर पुन्हा भरायला लावली आणि शहापूरच्या एका ओळखीच्या बेकरीवाल्याला त्याच्या भट्टीसाठी गाठलं. तो बिचारा हात जोडत होता, “मावशी, पावाला वास लागंल!” मावशीचं उत्तर तयार होतं, “पाव आदी काढ, मग मोटर घाल.” मोटर मांडीवर घेऊन आम्ही एसटीनं शहापूरला गेलो. कंडक्टरनं मोटरचंही अर्धं तिकीट फाडलं. ती मोटर पुढं कित्येक वर्षं चालली, आणि गिरणीवाला शपथेवर सांगे की सुरू करताना तिला नानकटाईचा वास येतो.

दोन वर्षांनी मी दुकानाच्या पाटीसाठी पैसे मागितले तेव्हा मात्र ती साफ नाही म्हणाली. “दर साली बियाणं मागनारा शेतकरी काय कामाचा?” खर्डीला एकानं काढलेली अभ्यासिका तिच्या पैशांवर उभी राहिली. तानशाकडचं एक शिवणकेंद्र बुडालं, तेव्हा त्या मुलीला बोलावून तिनं पोटभर वालाचं बिरडं वाढलं. आज आमच्याकडून शिकून गेलेल्या मुली शहापूर-मुरबाडमध्ये मोटरी भरतात. देवकीचं स्वतःचं दुकान आहे.

तेराव्यानंतर आठवड्यानं मी सुलभाला भेटायला गेले होते. उरलेले पैसे मावशीनं तिच्या हवाली केले होते आणि ते पाहून सुलभा धास्तावली होती. “मला कुटं मानसं वळखता येतात?” इतक्यात दारात दोन मुली आल्या, मुरबाडकडच्या कुठल्याशा गावातल्या. मावशी गेल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. ऐकल्यावर त्या हातातले मागणीचे कागद लपवून मागं फिरू लागल्या. सुलभानं त्यांना थेट स्वयंपाकघरात नेऊन पाटावर बसवलं. मावशीही सगळ्यांना तिथंच बसवी, आणि स्वतः पाठमोरी होई. मागणाऱ्याला तोंडाकडे बघत मागायला लावू नये, असं तिचं म्हणणं होतं.

सुलभानं चूल पेटवली, परातीत तांदळाचं पीठ घेतलं आणि त्यांच्याकडे पाठ करून भाकरी थापता थापता म्हणाली, “हं… बोला गो.”